ओरे आणि न्यांदे

त्या दिवशी कामदा एकादशी होती. पाराग्वायची राजधानी असुन्सिओन, तिथून तासाभरावर इताउग्वा नावाचं गाव आहे, त्या गावाबाहेर एका आजींच्या घरी मी पाहुणी होते. आज मी धान्य खाणार नाही, हे त्यांना कसं सांगावं या विचारात मी सकाळपासून होते. माझं स्पॅनिश बसचं तिकीट काढण्यापुरतं, त्यात एकादशी मावत नाही. शेवटी त्यांच्या नातीने सांगितलं. ती गावच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि तिला चांगलं इंग्रजी येतं. आजींनी ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि परसात जाऊन एक झुडूप मुळासकट उपटून आणलं. मुळांना हातभर लांबीचे, तपकिरी सालीचे कंद लगडलेले होते. सोलल्यावर आतून पांढरेशुभ्र. मीठ घालून उकडले आणि वाफाळलेलं ताट माझ्यापुढे ठेवलं.

"मांदिओ," त्या म्हणाल्या.

पहिल्या घासालाच ओळख पटली. आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून होतो. तमिळनाडूत सेलमच्या भागात त्याचे कारखाने आहेत आणि तिथून तो आपल्या उपवासाच्या ताटात येतो. पण कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मग ताटासमोर बसल्याबसल्या मी खिचडीतलं एकेक जिन्नस मनात मांडून पाहिलं. साबुदाणा इथला. शेंगदाणा इथलाच, बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरच्या डोंगरउतारांवरचा. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांवरून आलेली. राहिलं जिरं, तूप आणि मीठ. माझ्या आजीने जन्मभर सोवळ्यात जी खिचडी केली, तिचं माहेर समुद्रापलीकडे होतं, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका परक्या स्वयंपाकघरात, उपाशीपोटी कळलं. फार बरं वाटलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

शब्दही तिथलेच. माझं माहेर कुडाळजवळ, काजूच्या बागांमध्ये. काजू हा शब्द पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांकडून उचलला आणि गोव्याला आणून आपल्याला दिला. अननसही तसाच. तुपी आणि पाराग्वायमध्ये बोलली जाणारी ग्वारानी या सख्ख्या बहिणी असाव्यात इतक्या जवळच्या भाषा. म्हणजे ग्वारानीच्या कुळातले दोन शब्द मी बोबडं बोलायच्या वयापासून वापरत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पाराग्वायला मी ठरवून गेले नव्हते. माझी मुलगी साओ पाउलोत नोकरी करते, तिच्याकडे दोन महिने राहायला गेले होते. तिच्यासोबत काम करणारी एक मुलगी पाराग्वायची. तिने आग्रह केला की इतक्या लांब आलात तर माझ्या आजीकडे आठ-दहा दिवस राहून या. साओ पाउलोहून विमानाने दोन तास. पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा बहिणीने दोनदा विचारलं, उरुग्वाय की पाराग्वाय? तिचं काही चुकलं नाही. या देशाला समुद्र नाही, जगाच्या बातम्यांत तो क्वचितच येतो, आणि दक्षिण अमेरिका फिरायला गेलेली माणसं शेजारच्या इग्वासूच्या धबधब्यापर्यंत येऊन परत फिरतात. क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठं, आणि त्यात राहणारी माणसं साधारण ६० लाख. सपाट, लाल मातीचा, झाडांचा, संथ नद्यांचा प्रदेश. लाल माती पाहिली की कोकणातल्या माणसाचं निम्मं परकेपण तिथेच गळून पडतं.

पण या देशात मला जे सापडलं ते मातीत नव्हतं, सर्वनामांत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसलो असताना नातीने मला ग्वारानी शिकवायला घेतलं. नमस्कार, कसं काय, छान, एवढं झाल्यावर ती म्हणाली, आता एक अवघड गोष्ट. आमच्याकडे इंग्रजीतल्या 'वी'साठी दोन शब्द आहेत. एक ओरे, एक न्यांदे. परदेशी पाहुण्यांना हे समजावताना मला कागदावर वर्तुळं काढावी लागतात. तिने खरंच वही उघडली होती. मी तिला थांबवलं. ओरे म्हणजे आम्ही, तू त्यात नाहीस. न्यांदे म्हणजे आपण, तू त्यात आहेस. असंच ना?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आजींना हाक मारली आणि भराभर काहीतरी सांगितलं. आजी हातातलं काम टाकून आल्या.

आम्ही आणि आपण. हा भेद मी तीस वर्षं मराठी शिकवताना एकदाही शिकवला नाही, कारण तो शिकवावा लागत नाही. दोन वर्षांचं मूलही "आपण जाऊया" आणि "आम्ही जातो" यांत गल्लत करत नाही. हिंदीला हा भेद नाही, तिथे हम म्हणजे सगळंच. इंग्रजीला नाही, स्पॅनिशला नाही. गुजरातीला आहे, तेलुगूला, तमिळला आहे. आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, ज्यांचा आपल्याशी कधी संबंध आला नाही, त्या ग्वारानीला आहे. क्रियापदातही तो उतरतो. जाहा म्हणजे आपण जाऊ, रोहो म्हणजे आम्ही जातो. त्या अंगणात मी दिवसभर जाहा, जाहा ऐकत होते. शेळ्यांना, पोरांना, शेजारणींना, सगळ्यांना उद्देशून.

देवाला ग्वारानीत न्यांदेजारा म्हणतात. आपला धनी. बोलणाऱ्याचाही आणि ऐकणाऱ्याचाही. पण येशूने शिकवलेली प्रार्थना मात्र ओरे रू अशी सुरू होते, म्हणजे आमच्या बापा. तिथे देवाशीच बोलणं चालू आहे, आणि देव स्वतःचा बाप नसल्यामुळे तो त्या 'आम्ही'त येऊ शकत नाही. नातीने हे सांगितलं तेव्हा मला आपल्याकडच्या चर्चमधली मराठी प्रार्थना आठवली: हे आमच्या स्वर्गातील पित्या. आपल्या नव्हे, आमच्या. दोन भाषांत दोन निरनिराळ्या माणसांनी भाषांतर करताना त्याच जागी थांबून, तोच विचार करून, तोच शब्द निवडला असणार.

त्या काळी अशी भाषा शिकणारी माणसं दोन्हीकडे होती, आणि एकाच, म्हणजे जेझुइट या कॅथलिक पंथाची. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठीच्या प्रेमात पडला आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये छापून निघालं. त्याच काळात इकडे जेझुइट ग्वारानी लोकांमध्ये वस्त्या उभारत होते. अंतोनियो रुइस दे मोंतोया या जेझुइटाने केलेला ग्वारानीचा मोठा शब्दकोश १६३९ साली माद्रिदला छापला गेला. त्या वस्त्यांमध्ये शिकवणं, प्रार्थना, संगीत, सारं ग्वारानीतच चालत असे. हेतू धर्मांतराचा होता, हे विसरून चालणार नाही. तरी एखाद्या परक्या माणसाने आपली भाषा इतक्या मनापासून शिकावी, की तिच्यातलं आमचं आणि आपलं त्याला कळावं, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

आता तेरेरेबद्दल. येरबा नावाच्या झाडाची वाळवलेली पानं शिंगाच्या पेल्यात भरतात, त्यात धातूची नळी खुपसतात आणि थर्मासमधलं बर्फगार पाणी ओततात. पाण्यात पुदिना, गवती चहा किंवा कुटलेल्या औषधी मुळ्या. बाजारात बायका मोठमोठ्या लाकडी उखळांत या पाल्यामुळ्या कुटत बसलेल्या असतात, कुणाला पित्त झालंय, कुणाला झोप येत नाही, त्याप्रमाणे पाला बदलतो. २०२० साली युनेस्कोने हा सगळा व्यवहार मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवला. पेला एकच. ओतणारा एकजण, तो भरतो आणि देतो, तुम्ही पिऊन रिकामा पेला त्याच्याच हातात परत करायचा, मग पुढच्याची पाळी. पहिल्यांदा माझ्याकडे पेला आला तेव्हा पिऊन झाल्यावर मी "ग्रासियास" म्हटलं, आणि पुढच्या फेरीत पेला मला ओलांडून गेला. तिसऱ्या फेरीतही. मग कळलं की आभार मानणं म्हणजे आता पुरे. हवं असेल तर आभार मानायचे नाहीत. आपल्याकडे नाही का, घरच्या माणसाने पाणी आणून दिल्यावर आपण धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं तर त्यालाच खटकेल.

युद्धाबद्दल मी विचारलं नव्हतं. तो विषय आजींनी काढला. १८६४ ते १८७० अशी पाचांहून अधिक वर्षं हा देश ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वाय या तिघांशी एकाच वेळी लढला. किती माणसं मेली याच्या आकड्यांवर इतिहासकार अजून भांडतात, पण बहुतेकजण एक गोष्ट मानतात: मोठ्या वयाचे पुरुष फार थोडे उरले. १६ ऑगस्ट १८६९ रोजी आकोस्ता न्यू इथे ब्राझीलच्या सैन्यासमोर उभं राहिलेलं सैन्य बहुतांशी मुलांचं होतं. मोठी दिसावीत म्हणून त्यांना खोट्या दाढ्या लावल्या होत्या, असं सांगतात. तोच १६ ऑगस्ट आज पाराग्वायचा बालदिन आहे. नात म्हणाली, शाळेत त्या दिवशी खाऊ असतो, खेळ असतात, आणि मुलं मला विचारतात की आजचाच दिवस का? दरवर्षी मी किती सांगायचं आणि किती नाही, ते ठरवताना रात्रभर जागी असते.

पुढच्या वर्षी १ मार्चला राष्ट्राध्यक्ष सोलानो लोपेस सेर्रो कोरा इथे मारला गेला आणि युद्ध संपलं. उरल्या बायका, म्हातारे, लहान मुलं. बायकांनी शेतं नांगरली, घरं बांधली, मुलं वाढवली, आणि ती मुलं ग्वारानीत वाढली, कारण आया ग्वारानी बोलत होत्या. नंतरच्या सरकारांना ही भाषा मागासपणाची खूण वाटली, शाळांतून तिला हाकललं गेलं. तरी ती चुलीजवळ राहिली. १९३२ साली बोलिव्हियाशी चाको प्रांतावरून युद्ध पेटलं, तेव्हा शत्रूला कळू नये म्हणून आघाडीवरचे हुकूम याच हाकललेल्या भाषेत दिले गेले. १९४३ पासून देशाच्या चलनाचं नाव ग्वारानी. आणि १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. आज तिथे ज्यांच्या अंगात स्पॅनिश रक्त आहे, ज्यांचं आडनाव जर्मन आहे, तेही घरी ग्वारानी बोलतात, किंवा दोन्हींची मिसळ असलेली जोपारा. अमेरिका खंडात असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आजी शाळेत होत्या तेव्हा ग्वारानी शब्द तोंडून निघाला की तोंडावर चापट बसायची. हे सांगताना त्यांनी हात वर करून ती चापट हवेत मारून दाखवली. त्यांच्या बाई स्वतः घरी ग्वारानीच बोलत, त्याही त्याच गल्लीत राहायच्या. मी पाचवीत असताना वर्गात उभी राहून "माका ठावक नाय" म्हणाले होते. सगळा वर्ग हसला आणि गुरुजी म्हणाले, माका नाही, मला. मारलं नाही कुणी. पण त्या दिवसापासून मी शाळेत एक आणि घरी एक अशी दोन तोंडं वागवायला लागले, आणि पुढे स्वतः शिक्षिका झाले तेव्हा किती मुलांचं माका मी मला केलं, याची गणती नाही. हे मी आजींना सांगितलं, नातीमार्फत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

बुधवारी घरात चिपा होता. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सगळं कुटुंब जमून चिपा करतं, कारण शुक्रवारी चूल पेटवायची नाही, मांस खायचं नाही. मांदिओचं पीठ, चीज, अंडी, बडीशेप, दूध आणि चरबी. मळलेल्या पिठाची कडी करायची आणि मातीच्या घुमटाकार भट्टीत केळीच्या पानावर भाजायची. भट्टीचं नाव ताताक्वा, म्हणजे विस्तवाचं बीळ. ज्या कंदाच्या सत्त्वावर आपला उपवास चालतो, त्याच सत्त्वावर त्यांचाही. मी डुकराची चरबी खाणार नाही हे आजींना कुणी सांगितलं कोण जाणे, पण लोणी घालून मळलेला एक वेगळा गोळा फडक्याखाली झाकून ठेवलेला होता. मुलांनी आपापल्या कड्यांचे पक्षी आणि कासवं केली. दुपारी भट्टीतून पहिली खेप निघाली तेव्हा सगळ्या गल्लीला एकच वास येत होता, घराघरातून धूर निघत होता, आणि शेजारपाजारी कडी घेऊन पोरं धावत होती, आपल्याकडे दिवाळीत फराळाची ताटं जातात तशी. सोबत काइ लाद्रिल्यो, म्हणजे माकडाची वीट: शेंगदाणे आणि उसाची काकवी. म्हणजे चिक्कीच. ती मी दोन वेळा मागून घेतली आणि आभार मानले नाहीत.

इताउग्वा न्यांदुतीसाठी प्रसिद्ध आहे. न्यांदुती म्हणजे कोळ्याचं पांढरं जाळं. चौकटीवर ताणलेल्या कापडावर सुईने दोरे भरून एकेक चक्र विणतात आणि शेवटी मागचं कापड कापून टाकतात. राहतं फक्त जाळं. शेजारच्या एक बाई विणत बसल्या होत्या, नमुन्याचं नाव विचारलं तर म्हणाल्या, आरासा पोती, पेरूचं फूल. हातभर रुमालाला तीन आठवडे लागतात असं त्यांनी सांगितलं. मी एक घेतला. घासाघीस केली नाही.

शुक्रवारी सकाळी निघाले. निरोपाला आजी म्हणाल्या, जाजोतोपाता. पुन्हा भेटू. यातही आपणच आहे, भेटायला दोघं लागतात म्हणून. मी म्हटलं, येते. आपल्याकडे घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, हे नातीने त्यांना सांगितलं का, ते माझ्या लक्षात नाही.

नात माझ्यासोबत दक्षिणेला आली. सान इग्नासिओजवळ तान्यारांदी म्हणून वस्ती आहे. तिथे गुड फ्रायडेच्या रात्री सुमारे तीन किलोमीटरच्या मातीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना हजारो दिवे लावतात. कडू संत्र्याच्या अर्ध्या सालीत चरबी आणि वात. वाटेचं नाव इवागा रापे, स्वर्गाची वाट. पौर्णिमा तोंडावर आली होती, आपली चैत्री पौर्णिमा, हनुमानजयंतीची. दुःखी मेरीची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं चालली होती आणि पुरुषांचे गट रडगाणी म्हणत होते. त्यांना पुराहेइ जाहेओ म्हणतात, पुराहेइ म्हणजे गाणं आणि जाहेओ म्हणजे रडणं. साथीला वाद्य नाही. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती ओढत न्यायची, शेवटचा स्वर मोडेपर्यंत. मला शब्द कळत नव्हते. मध्येच ओरे ऐकू यायचं, तेवढं कळायचं. ती संत्र्याची सालं जळताना जो वास येतो तो अजून माझ्या शालीला आहे.

दुसऱ्या दिवशी त्रिनिदाद. १७०६ साली वसवलेल्या जेझुइट वस्तीचे अवशेष, १९९३ पासून जागतिक वारसा. तांबूस दगडाच्या, छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतीवर वाद्यं वाजवणारे देवदूत कोरलेले आहेत, एकाच्या हातात हार्प. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं आणि या वस्त्या ओस पडत गेल्या. ते दगड ग्वारानी हातांनी घडवलेले. मी नातीला विचारलं, त्यांचे वंशज कुठे असतात? ती म्हणाली, मीही त्यांची वंशज आहे. मग थोडं थांबून म्हणाली, आणि नाहीही. जे जंगलात राहिले, वस्त्यांत आले नाहीत, ते वेगळे.

ते वेगळे मला असुन्सिओनच्या बसस्थानकाबाहेर भेटले. पाराग्वायमध्ये १९ आदिवासी समूह आहेत. सगळा देश ज्या भाषेवर प्रेम करतो तिचं मूळ ज्यांच्याकडे, त्या लोकांपैकी अनेकांना आज पाय ठेवायला जमीन नाही. पूर्वेकडचं जंगल तोडून तिथे सोयाबीन लागलं आहे, क्षितिजापर्यंत, एन्कार्नासिओनहून येताना तासन्‌तास तेच खिडकीतून दिसत होतं. फुटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली म्ब्या या ग्वारानी समूहातली एक बाई दोन मुलं घेऊन बसली होती. पुढ्यात वेताच्या टोपल्या आणि लाकडाची कोरलेली जनावरं, त्यात एक ठिपक्यांचा जाग्वारही. मी तिच्यासमोर बसले आणि मला येत होतं तेवढ्या ग्वारानीत कशी आहेस म्हणून विचारलं. ती हसली नाही, पण उत्तर दिलं. मग नातीने पुढचं विचारलं. दोघींच्या बोलीत फरक होता, तरी दोघींना एकमेकींचं कळत होतं. बाई हळूहळू, न थांबता बोलली. तिच्या मुलाने टोपलीवरचा माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि टोपली सरळ केली.

मी नातीकडे पाहिलं. ती इंग्रजीत म्हणाली, शी सेज, वी हॅड अ फॉरेस्ट.

"कुठलं वी?" मी विचारलं.

तिने लगेच उत्तर दिलं नाही. पर्समधून लाख ग्वारानींची एक नोट काढली, तीन टोपल्या उचलल्या आणि बाईच्या हातात नोट देऊन तिची मूठ मिटली.

"ओरे," ती म्हणाली.